थर्माकोलच्या बाईचं नाक

काबान्याल, वॅलेन्सिया
मार्चचा पहिला सोमवार

ती. एल्विरा वन्संना एन्कार्नाचा नमस्कार.

पत्र हातात पडल्याबरोबर तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा, आणि खरं कळवा. मागच्या खेपेला तुम्ही "बरा आहे" असं लिहिलंत, आणि नंतर फोनवर तुमच्याच शेजारणीने सांगितलं की तुम्ही जिना बसून उतरत होतात. तेरुएलला अजून बर्फ आहे असं रेडिओवर सांगतात. पण तेच रेडिओवाले आमच्याकडे ऊन आहे असंही सांगतात, आणि तेव्हा माझी चादर दोरीवर चिंब भिजत असते. म्हणून तुमच्या तोंडून कळलेलं बरं. तुम्ही पाठवलेला हॅमचा तुकडा पोचला. वास चांगला आहे, खारटपणा बेताचा. (पुडक्याच्या दोरीची गाठ मात्र तुमची नव्हती. तुमची गाठ सोडवायला सुरी लागते, आणि ही नुसती ओढली तर सुटली. वाटेत कोणीतरी उघडून पाहिलेलं आहे. तुकडा तसा अख्खा दिसतो, पण एका कडेला जरा जास्तच सरळ कापल्यासारखा वाटतो. मी काही म्हणत नाही.) मी पाठवलेली संत्री मिळाली का? पेटीत वरच्या थरात पानं घातली होती. पानं नसतील तर तसं लिहा, म्हणजे मला काय समजायचं ते समजेन.

एक गोष्ट सहज विचारायची होती. नाताळात आमच्या गल्लीतला ब्लाय, तो बाहुल्या घडवणारा, तेरुएलला आला होता आणि तुमच्याकडे कॉफी पिऊन गेला, असं माझ्या कानावर आलं आहे. काय काय बोलणं झालं? माझ्याबद्दल काही निघालं का? मी तुमच्यावर संशय घेत नाही हो वन्सं, नुसतं विचारते. पण पुढे जे लिहिते आहे ते वाचताना तुमची मान आपोआप खाली गेली, तर ती का गेली हे तुम्हाला आणि मला दोघींनाही कळेल.

तुम्हाला ठाऊकच आहे, तुमचा भाऊ चिमो गेल्यापासून मी गल्लीच्या उत्सव मंडळात पाऊल टाकलेलं नाही. कोपऱ्यावरच्या त्या जागेत त्याची खुर्ची एक तर रिकामी असणार, नाहीतर तिच्यावर दुसरं कोणी बसलेलं असणार. दोन्हींतलं जास्त वाईट काय ते मला ठरवता येईना, म्हणून गेलेच नाही. तोवर मंडळाच्या पाएयाच्या भाताचा झारा माझ्या हातात असायचा. आता तो फिनाच्या हातात गेला आहे. (फिना म्हणजे समोरच्या इमारतीतली, जिचं नाक बोराएवढं आहे आणि बढाया भोपळ्याएवढ्या. तिचा भात चिकट होतो. लोक खातात, बोटं चाटतात आणि माझ्याकडे येऊन सांगत नाहीत, यातच सगळं आलं.) सुरुवातीला लोक बोलवायला यायचे. मग नुसते खालून हाक मारायचे. मग हाकही बंद झाली. माणूस गेला की त्याच्या बायकोलाही हळूहळू गेल्यातच धरतात, हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही, तुम्हाला लिहिते आहे.

तर यंदा जानेवारीपासून माझ्या मनात पाल चुकचुकत होती. मी पावाच्या दुकानात शिरले की बोलणं थांबायचं. मंडळाचा अध्यक्ष बतिस्ते, तो मासेवाला, माझ्याकडे बघून हसला. तुम्ही बतिस्तेला ओळखता. बतिस्ते हसतो तेव्हा मासा शिळा असतो. मग फेब्रुवारीत मंडळाने सगळ्यांना ब्लायच्या कारखान्यात मदतीला बोलावलं. सगळ्यांना म्हणजे अक्षरशः सगळ्यांना, औषधांच्या दुकानातल्या त्या आंधळ्या गृहस्थालासुद्धा. आणि मला काय म्हणावं बतिस्तेने? "एन्कार्नाताई, तुम्ही मात्र आराम करा." आता तुम्हीच सांगा. ज्या मंडळाने माझ्याकडून ऐन तापात कांदे सोलून घेतले, त्याला एकाएकी माझ्या आरामाची काळजी लागली! नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

तुम्ही इकडून जाऊन इतकी वर्षं झाली की फायाचं, म्हणजे चौकातल्या बाहुल्यांच्या देखाव्याचं, हल्लीचं काम तुम्हाला ठाऊक नसेल. आपल्या लहानपणी बाहुल्या पुठ्ठ्याच्या आणि मेणाच्या असायच्या. आता सगळं थर्माकोल. तापलेल्या तारेने थर्माकोल लोण्यासारखं कापायचं, नाक डोळे कोरायचे, आणि मग त्याच्यावर कडक लेप चढवायचा. नुसतं थर्माकोल फार नाजूक असतं हो, बोट लावलं तर खड्डा पडतो आणि पोरं टेकली तर हात तुटतो. लेप सुकला की तेच दगडासारखं वाजतं. मग लांबी भरा, घासा, रंगवा, चौकात उभं करा, चार दिवस लोकांना हसवा आणि सान होसेच्या दिवशी, एकोणीस मार्चला, जाळून टाका. (वर्षभर खपून जी गोष्ट जाळायची तिला इतकं टणक कशाला करायचं, असं तुमच्या तेरुएलची माणसं विचारतात. त्यांना काही सांगायला जाऊ नका.) आणि या बाहुल्या कोणाच्या असतात हे तुम्हाला माहीत आहेच. महापौर, बिशप, आणि गल्लीतला जो कोणी त्या वर्षी तावडीत सापडेल तो.

म्हणून मी डोक्याला रुमाल बांधला, जुना एप्रन घेतला आणि बस पकडून थेट ब्लायच्या कारखान्यात गेले. ब्लाय चांगला मुलगा आहे, पण चांगल्या मुलांवर जास्त लक्ष ठेवावं लागतं. मला पाहून त्याच्या हातातला ब्रश खाली पडला. मागच्या कोपऱ्यात एका बाहुलीवर चादर टाकली होती. सगळ्या बाहुल्या उघड्या आणि ही एकटी चादरीखाली, का तर म्हणे धूळ बसते! थर्माकोलच्या कारखान्यात धूळ! मी चादर ओढली.

वन्सं, खिडकीतून वाकलेली एक बाई होती. फुलाफुलांचा घरातला झगा, केसांना रोलर, एक डोळा बारीक केलेला. आणि नाक! ते खिडकीतून निघून गल्ली ओलांडून समोरच्या बाल्कनीतल्या पातेल्यात बुडालेलं. वाटेत नाकावर चिमट्यांनी मोजे वाळत घातलेले. मी म्हटलं, असेल कोणीतरी, गल्लीत नाकं पुष्कळ आहेत. मग खाली पाहिलं. उजव्या पायात बायकांची निळी सपात, आणि डाव्या पायात पुरुषाची तपकिरी, टाचेकडे झिजलेली. चिमो गेल्यापासून घरात मी डाव्या पायात त्याची सपात घालते. माझा डावा पाय सुजतो आणि माझी सपात बसत नाही, कारण एवढंच. त्यात जास्त खोल जायची कोणाला गरज नाही. पण ही गोष्ट माझ्या घराबाहेर फक्त एकीला ठाऊक होती, जिने वर्षश्राद्धाला येऊन आठवडाभर माझ्या स्वयंपाकघरात मुक्काम केला होता. मी नाव घेत नाही. तुमची मान कशी आहे, वन्सं?

मी ब्लायला विचारलं, ही कोण? तो म्हणाला, "कोणी नाही हो मावशी. अशीच एक बाई. अल्बासेतेची."

"अल्बासेतेच्या बाया एका पायात नवऱ्याची सपात घालतात का?"

"फॅशन असेल," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

आता तिथल्या तिथे आरडाओरडा केला असता तर "खाई त्याला खवखवे" म्हणून सगळे टाळ्या पिटायला मोकळे. म्हणून मी साळसूदपणे म्हटलं, बाळा, मला काहीतरी काम दे, या बिचाऱ्या अल्बासेतेवालीला मीच लेप मारते. तो नको नको म्हणाला. मी ब्रश हातात घेऊन उभी राहिले. चिमोच्या बायकोच्या हातातला ब्रश काढून घ्यायची हिंमत काबान्यालात कोणाची आहे? शेवटी त्याने मला पांढऱ्या लेपाची बादली दिली आणि सगळं समजावून सांगितलं. पातळ मारायचा. एक हात पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा हात मारायचा नाही. सुकला की पॉलिश पेपरने घासायचं. जाड थर द्यायचा नाही, नाहीतर ओघळ येतात. मी सगळ्याला मान डोलावली. माझा बेत उलटाच होता. म्हटलं, नाकावर एवढा जाड लेप थापायचा की नाकाचं गाजर होऊ दे, मुळा होऊ दे, माझं नाक म्हणून ओळखायला नको. लेप काय, कोणाची साक्ष देत नाही.

पण वन्सं, देवाने एकदा नाक दिलं की ते सहजासहजी परत घेत नाही. लेप मी पळीने वाढावा तसा घातला. वरून बरा दिसत होता. दुपारी पाहते तर सगळा ओघळून शेंड्याला गोळा झालेला, आणि नाक होतं त्याहून चांगलं वीतभर लांब. शिवाय शेंड्याला थेंब लोंबत होता तो तसाच सुकून कडक झालेला, म्हणजे आता त्या बाईला सर्दीही झाली. माझी सर्दी! दरवर्षी फेब्रुवारीत मला होते तीच. त्या बादलीत मुद्दामच काहीतरी पातळ मिसळलं असावं असा मला दाट संशय आला. चांगला लेप असता तर जिथे लावला तिथेच बसला असता. माझा चिमो बोटींना लेप मारायचा तेव्हा तो बसायचा. त्याने दुरुस्त केलेल्या बोटीत कधी थेंबभर पाणी शिरलं का? शिरलं असेल तर सांगा. नाही ना? मग!

चिमोचा राळेचा डबा अजून माझ्या बाल्कनीत आहे, ब्रशांजवळ. टाकून द्यायचं धाडस होत नाही. दुसऱ्या दिवशी मी तो पिशवीत घातला, वर पावाची लादी ठेवली आणि कारखान्यात गेले. जेवणाच्या वेळी सगळे बाहेर गेले. मला म्हणाले, मावशी, चला. मी म्हटलं, मी माझा पाव आणला आहे. (पाव होताच.) डबा उघडला तर राळ घट्ट झालेली. चिमो अशा वेळी थिनर घालायचा ते मी हजार वेळा पाहिलं होतं. बाटलीही आणली होती. घातलं. वन्सं, झाकण उघडल्याबरोबर जो वास आला ना, तो चिमोच्या शर्टाचा वास. मी तशीच उभी राहिले थोडा वेळ. मग डोळे पुसले, ब्रश बुडवला, शेंड्याचा तो सुकलेला थेंब चाकूने खरवडून काढला, आतलं थर्माकोल उघडं झालं, आणि त्याच्यावर चिमोची राळ लावली.

आधी नुसती सुरसुर ऐकू आली. मला वाटलं, उंदीर. मग पाहते तर नाकाला खड्डा. खड्ड्याचं बीळ झालं, बिळाची विहीर झाली. गरम कॉफीत साखरेचा खडा विरावा तसं ते नाक माझ्या डोळ्यांदेखत आतल्या आत बसत गेलं. फुंकर मारली, एप्रनने पुसलं, जितकं पुसावं तितकं जास्त विरघळलं. वरचं लेपाचं कवच तेवढं पोकळ उभं, आणि आतून सगळं पसार! शेवटी कवचही काडकन मोडलं आणि पातेल्यात पडलं. थिनर थर्माकोलला खातं हे बोटीवाल्याच्या बायकोला कसं कळणार? बोटी लाकडाच्या असतात.

आता बाईच्या तोंडावर मधोमध भोक. घड्याळात पाहिलं तर लोक यायची वेळ झालेली. अशा वेळी माणसाचं खरं शहाणपण दिसतं. मी पाव गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद चुरगळला, गोंदात बुडवला, भोकात कोंबला आणि बोटांनी जसं जमेल तसं नाक केलं. लांब नाक करायला कागद पुरला नसता आणि वेळही नव्हता, म्हणून एक छोटंसं, वर वळलेलं, बोरासारखं केलं. मोजे काढून बाईच्या हातात दिले. मग त्याच्यावर ब्लायचाच लेप मारला, आणि या खेपेला तो सांगतो तस्साच मारला. पातळ हात, सुकवायला केस वाळवायचं यंत्र, मग घासणं, मग पुन्हा हात. खोटं कशाला बोलू, सुरेख झालं. नखाने टकटक केलं तर टणटण वाजलं. चादर टाकली, हात धुतले आणि बाकीचा पाव खात बसले. ब्लाय आल्या आल्या हवा हुंगून म्हणाला, "मावशी, गोदीसारखा वास येतोय." मी म्हटलं, समुद्र जवळ आहे. तो चादरीखाली डोकावला आणि म्हणाला, "उंदीर फार झालेत इथे." मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा मुलगा माझ्यापेक्षा जास्त जाणतो.

घरी आले ती जिंकून आल्यासारखी. बसा म्हटलं आता, शोधा एन्कार्नाचं नाक. पण दोन दिवसांनी बाल्कनीतून (कपडे काढत होते, बघत नव्हते) पाहते तर समोरची फिना केसांचा नवा थाट करून खाली उतरते आहे, आणि चालते कशी, तर एका पायाने फटक फटक आवाज करत. खाली वाकून पाहिलं. डाव्या पायात तिने नवऱ्याची सपात घातली होती! भर रस्त्यात! मला वाटलं माझी नक्कल करते आहे. रात्रभर मनात किडा वळवळला.

त्या रविवारी मंडळात भोपळ्याची बोंडं आणि चॉकलेट होतं. मी म्हटलं जायचंच. दारात पाय अडखळला, कबूल करते. चिमोच्या खुर्चीवर कोणाचे तरी कोट टाकलेले होते, म्हणजे रिकामीही नाही आणि कोणी बसलेलंही नाही. हा तिसरा प्रकार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी एका कडेला उभी राहिले. मधोमध फिना बसलेली, आणि लोकांना सांगत होती, "यंदा मी आहे बरं का फायात! कारखान्यात डोकावले होते. चादर जरा सरकली होती. माझंच नाक! माझंच! ब्लायने हुबेहूब काढलंय. आणि एका पायात आमच्या ह्यांची सपात घातली आहे, त्याला म्हणतात प्रेम. माद्रिदहून माझी बहीण मुद्दाम बघायला येणार आहे." लोक तिच्या पाठीवर थाप मारत होते, कोणी म्हणत होतं, वा फिना, मोठी झालीस, यंदा तुझं वर्ष! बतिस्ते मात्र तोंडात बोंड धरून गोंधळून उभा. आणि फिनाचा चेहरा तर नुसता फुललेला. तिची सगळी गल्ली टिंगल करणार होती आणि ती सुखाने न्हाऊन निघाली होती. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो वन्सं, या मंडळात ज्याची टिंगल होत नाही त्याला कोण विचारतं? ज्याला लोक विसरतात त्याचं नाक कोण कोरत बसणार? आणि मी माझ्या हाताने माझं नाक विरघळवून तिथे फिनाला बसवलं होतं, वर कडक लेप मारून! आणि तिच्या पायात माझ्या चिमोची सपात!

पुढचं मला नीट आठवत नाही. लोक सांगतात त्यावरून लिहिते. मी म्हणे चॉकलेटचा पेला टेबलावर आपटला आणि ओरडले, "ती सपात चिमोची आहे! आणि ती नाकवाली भोचक बाई मी आहे! मी! पातेल्यात नाक घालणारी या गल्लीत एकच आहे, कोणाला काही शंका?" फिना म्हणाली, "पण नाक तर..." मी म्हटलं, "नाकाचं नाव काढू नकोस, नाक माझं चार दिवस बाहेर गेलंय!"

बतिस्तेने बोंड गिळलं आणि असा काही हसला की टेबल हललं. या खेपेला मासा ताजा होता. म्हणाला, "आलात शेवटी. अहो ताई, डिसेंबरात आम्ही सगळ्यांनी हात वर करून तुमचं नाव ठरवलं. एकाचाही विरोध नव्हता, फिनाचासुद्धा नाही, तिला आता आठवत नसेल ती गोष्ट वेगळी. दोन वर्षं हाका मारून तुम्ही येईनात. म्हटलं, चौकात उभ्या केल्या की भांडायला तरी याल. म्हणूनच म्हटलं, आराम करा. तुम्हाला आराम करा म्हटलं की तुम्ही घरात बसत नाही, हे चिमोच सांगायचा." मी आत मोरीकडे गेले आणि नळ सोडून रडले. बरं वाटलं. बाहेर आले तेव्हा कोणीतरी खुर्चीवरचे कोट उचलले होते आणि माझ्यासाठी पेला भरून ठेवला होता. मी बसले.

ब्लायने नाकाचं सत्य कोणाला सांगितलं नाही. उंदीरच, असं तो अजून म्हणतो. मी बोरनाकावर मारलेला लेप मात्र इतका पक्का बसला होता की हातोडीही उसळून यायची, माझं नाक परत बसवायला शेवटी ते करवतीने कापावं लागलं. त्या मुलाने कौतुक केलं, म्हणाला, मावशी, पुढच्या वर्षी लेपाचं काम तुमच्याकडेच. मी म्हटलं, बघू. (त्याला फुकट कामकरीण हवी असेल अशी शंका आहेच.)

बाकी क्षेम. गुडघ्याला गरम कपडा गुंडाळा, आणि हॅम पुन्हा पाठवलात तर गाठ स्वतः मारा. फार लिहिलं, मेणबत्तीची बचत करणाऱ्या माणसासारखी आता थांबते.

तुमचीच,
एन्कार्ना

ता. क. तुमच्यावर घेतलेला संशय (घेतला नव्हताच) मागे घेते. मी ब्लायला सरळ विचारलं की सपातेचं कोणी सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही रोज सकाळी ती घालून कचरा टाकायला खाली येता, आख्खी गल्ली बघते." मी म्हणते मी येत नाही. पण तो म्हणतो म्हणून मागे घेते. पूर्ण नाही. कॉफी पिताना काय बोललात ते तरीही लिहा.

ता. क. दुसरा. फिना रुसली होती, म्हणून ब्लायने कापलेलं बोरनाक वाया घालवलं नाही. समोरच्या बाल्कनीत पातेल्याजवळ झारा घेऊन जी बाई उभी आहे तिला ते लावलं. म्हणजे आता तीही फायात आली. मला संशय आहे की ती माझ्यापेक्षा थोडी पुढे उभी आहे. नवं नाक कोरायला मी स्वतः ब्लायसमोर दिवसभर बसले. झाल्यावर त्याने विचारलं, मावशी, ठीक आहे ना, का जरा कमी करू? मी म्हटलं, बोटभर वाढव.

ता. क. शेवटचा, आणि पत्र लिहायला घेतलं ते खरं यासाठीच. एकोणीस तारखेला या. बसचं मी विचारून ठेवलं आहे, गुडघ्याला त्रास होणार नाही अशी पुढची जागा मिळते. सगळं गाव बघायला उभं असेल, मंडळ असेल, पण स्वतःला जळताना बघायचं तर शेजारी घरचं माणूस लागतं, आणि घरचं म्हणण्यासारखं मला तुमच्याशिवाय आता कोणी उरलं नाही. आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा की धूर फार आहे. फिना बघत असेल.